रुईच्या गाठीतली कचेरी

आमच्या साहेबांचं नाव मी इथे देत नाही. एक तर त्यांची लेकरंबाळं अजून अमरावतीत नांदत आहेत. दुसरं म्हणजे पूर्ण नाव लिहिलेलं त्यांना स्वतःलाच खपलं नसतं. "एवढं लांबलचक कशाले पायजे? पयलं अक्षर लिवा, समजते लोकायले," असं म्हणून त्यांनी ते माझ्याच हातून खोडून घेतलं असतं. त्यांची सही म्हणजे एक आडवी रेघ होती. सही ओळखू येत नाही अशी कोणीतरी तक्रार केली, तेव्हा त्यांनी ती रेघ आणखी थोडी आखूड केली.

ते तिथल्याच एका सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर होते आणि मी त्यांच्या हाताखालचा बाबू. त्या काळात आमच्या वऱ्हाडाने बसल्या जागी तीन राज्यं पाहिली. आधी मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. शेतं तिथेच, विहिरी तिथेच, कचेरीवरच्या पाट्या तेवढ्या बदलल्या. पण प्रत्येक नव्या सरकारला जुन्या सरकारच्या कागदांच्या नकला लागायच्या, आणि सगळ्या नकला शेवटी आमच्या रेकॉर्डरूममध्ये येऊन पडायच्या. लाल फडक्यात बांधलेले बस्ते रॅकवर मावेनात म्हणून जमिनीवर आले. जमिनीवर मावेनात म्हणून व्हरांड्यात गेले. दुसरा कोणी असता तर वर पत्र लिहून आणखी एक खोली मागून घेतली असती. आमच्या साहेबांनी ठरवलं की खोली लहान नाही, फायली लठ्ठ आहेत.

झालं. तिथून आमचे हाल सुरू झाले.

टाचणी दिसली की साहेब ती दोन बोटांनी उपटायचे. टाचणीने म्हणे फाइलचं पोट सुटतं. कागदाच्या डाव्या बाजूचा कोरा समास ते कात्रीने कापून टाकायचे. "हे सरकारी जागेवरचं अतिक्रमण हाये," म्हणायचे. समास गेल्यावर तो कागद दोरीत ओवायला जागाच उरायची नाही, आणि मग तो ओवायचा कसा हे शोधून काढायचं काम माझ्याकडे यायचं. रेकॉर्डरूममध्ये खुर्ची नावाची वस्तू नव्हती. आम्ही सगळे बस्त्यांवर बसून काम करायचो, कारण बाबूलोकांचं वजन वाया जातं असं साहेबांचं मत होतं. मी हडकुळा, म्हणून माझ्या नशिबी नेहमी किरकोळ बस्ते. शेजारच्या खात्यात एक नाझर होते, अंगाने चांगले भरलेले. साहेब त्यांना रोज दुपारी चहाला बोलवायचे, आग्रहाने बसवून घ्यायचे. माणूस किती लाघवी आहे, असं नाझर गावभर सांगत फिरायचे. जुन्या सारावसुलीचं सगळं दफ्तर त्यांनी आमच्याकडे चहा पीत पीत सपाट केलं, आणि बिचाऱ्यांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही.

पण हे सगळं मी सोसलं असतं. खरा वैताग होता तो फळा.

साहेबांनी भिंतीवर एक काळा फळा लावून घेतला होता. त्यावर पेंटरकडून पांढऱ्या अक्षरांत एकाखाली एक हुकूम रंगवले होते: उचला. सोडा. झटका. चाळा. काढा. लिहा. दाबा. बांधा. ठेवा. सकाळी टेबलाच्या एका टोकाला फायलींचा ढीग लागायचा, आम्ही ओळीने बसायचो, आणि साहेब स्टुलावर उभे राहून एकेक हुकूम मोठ्याने द्यायचे. 'उचला' म्हटलं की प्रत्येकाने एक फाइल उचलायची. 'सोडा' म्हटलं की दोरी सोडायची. 'काढा' म्हणजे कोरे कागद, पाकिटं, ज्यांची दुसरी प्रत आहे असे कागद बाहेर काढायचे. 'लिहा' म्हणजे आत काय आहे ते कव्हरवर एका ओळीत लिहायचं. एक ढीग संपला की दुसरा. कोणी मान वर करून काही विचारलंच तर साहेबांचं उत्तर ठरलेलं होतं. "मधात डोकं लावू नका. डोकं फळ्यावर हाये. तुमी फक्त हात लावा."

एकदा 'सोडा' म्हटल्यावर त्यांना मोठ्या साहेबांचं बोलावणं आलं. ते गेले ते पार दुपार कलल्यावर उगवले. तोवर आम्ही सुटे कागद मांडीवर घेऊन, पंखा बंद करून घामाघूम बसून होतो. 'झटका' अजून आला नव्हता ना! एक बाबू कंटाळून डबा खायला उठला होता. साहेबांनी आल्या आल्या त्याला फळ्यापुढे उभा केला. "यात 'जेवा' कुठी लिवलं हाये, दाखव मले."

आणि एका नव्या बाबूची ती फाइल! बिचारा हुकमाचा पक्का. फाइलमध्ये एकाच आदेशाच्या दोन सारख्या प्रती निघाल्या. पहिलीची दुसरी प्रत आहे म्हणून त्याने पहिली काढली. मग दुसरी पाहिली, तर तिचीही दुसरी प्रत होतीच, म्हणून तीही काढली. असं करत करत त्या फाइलचं फक्त कव्हर उरलं. साहेबांनी ती हातावर तोलली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी क्वचितच पाहिलं असेल. "अशी पायजे फाइल," ते म्हणाले.

"साहेब, तिच्यात काहीच नाही," मी म्हणालो.

"वर लिवलं हाये ना?"

आता या माणसाशी काय बोलणार? मी घरी जाऊन बायकोवर चिडचिड केली. तिचा काय दोष होता कोण जाणे.

बायकोवरून आठवलं. माझं लग्न ठरलं तेव्हा मी साहेबांना पत्रिका द्यायला गेलो, ही माझीच चूक. त्यांनी ती उभ्यानेच वाचली आणि खिशातून लाल पेन्सिल काढली. कुलस्वामिनीची कृपा गेली, वडीलधारे गेले, कृपाभिलाषी गेले. पत्रिका परत माझ्या हातात आली तेव्हा तिच्यात उरलं होतं, 'लग्न. रविवार. या.' "आता छापा," म्हणाले. पत्रिका केव्हाच छापून वाटून झाल्या होत्या. लग्नाला मात्र ते वेळेवर आले, पहिल्या ओळीत बसले, आणि मंगलाष्टकांच्या मध्येच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात भटजींना म्हणाले, "महाराज, सावधान एक डाव म्हना. समजलं त्यायले." माझे सासरे पुढे कित्येक वर्षं मला भेटले की आधी विचारायचे, "तुमचे ते साहेब आहेत का अजून?"

मला त्यांचा राग यायचा, अगदी मनापासून यायचा. पण मी बदली मागितली नाही, आणि त्याचं कारण एका दुपारचं बोलणं आहे. मी फणकाऱ्याने विचारलं होतं की साहेब, जाड असली तर असू द्या ना फाइल, तुमच्या काय पोटात दुखतं? ते नेहमीसारखे तुटक बोलले नाहीत. म्हणाले, "बाबू, जाड फाइल कोनी उघडत नाही. मोठ्या सायबापुढे ढीग लागते, तो वरची पातळ पातळ उचलते, जाड खाली राहते. आन जाड कोनाची असते? ज्याचं काम होत नाही त्याची. खेट्या मारते, अर्जावर अर्ज देते, फाइल फुगते. फुगली म्हून आखीन खाली जाते. मी तिले पातळ करतो म्हंजे ते वर येते." एवढं बोलून ते पुन्हा स्टुलावर चढले. तेव्हापासून माझी पंचाईत झाली. माणूस नुसता वेडा असता तर बरं झालं असतं.

आता प्रेसकडे येतो. आमच्याकडे कापूस जिनमध्ये जातो, तिथे सरकी वेगळी होते, आणि उरलेली रुई प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. वरून बारदान, त्यावर लोखंडी पट्ट्या. खोलीभर रुईची बघता बघता एक टणक गाठ होते. वऱ्हाडातलं प्रत्येक पोर हे पाहत पाहत मोठं होतं. पाहून कोणाच्या डोक्यात आजवर काही भलतंसलतं आलं नव्हतं. साहेबांच्या आलं. त्यांचा मेहुणा गावातल्या एका प्रेसमध्ये मॅनेजर होता. पावसाळ्यात प्रेस रिकामीच असायची. साहेबांनी जुने बस्ते बैलगाडीत घालून तिकडे नेले आणि संध्याकाळी सरकारी दफ्तराची पहिली गाठ कचेरीच्या व्हरांड्यात येऊन पडली. रुईच्या गाठीसारखीच गाठ. तेच बारदान, त्याच पट्ट्या. फक्त उचलायला गेलं तर कंबर मोडायची.

"साहेब, यातला एखादा कागद पाहायचा झाला तर?" मी विचारलं.

"वर लिवलं हाये ना?"

बारदानावर एक चिठ्ठी शिवली होती. 'जुनं. किरकोळ.'

मोठे साहेब येऊन पाहून गेले. रेकॉर्डरूममधली जमीन बऱ्याच वर्षांनी दिसली होती, ती पाहून ते खूश झाले. झालं, आता आमच्या साहेबांना कोण अडवणार!

दिवाळीच्या आधी कचेरीला चुना मारायला काढला. शेजारी अर्ज शाखा होती. लोकांचे चालू अर्ज तिच्याकडे यायचे. कोणाची बदली, कोणाच्या वारसाची नोंद, कोणाची नोकरी. भिंतींना चुना लागायचा म्हणून तिच्या फायली आमच्याकडे आणून ठेवल्या, आणि चपराशाने जिथे मोकळी जागा दिसली तिथे ठेवल्या. मोकळी जागा होती आमच्या टेबलाच्या टोकाला, जिथे रोजचा ढीग लागायचा. सकाळी आम्ही ओळीने बसलो. साहेब स्टुलावर चढले. "उचला."

मी उचलली. कव्हर नवं कोरं होतं, शाईला अजून वास होता. "साहेब, या ताज्या दिसतात," मी म्हणालो.

"मधात डोकं लावू नका. सोडा."

सोडली. झटकली. चाळली. काढली. लिहिलं. दाबली. बांधली. दुपारपर्यंत अख्खी अर्ज शाखा आमच्या हाताखालून गेली आणि संध्याकाळी बैलगाडीत चढून प्रेसला रवाना झाली. चुना वाळल्यावर अर्ज शाखेचे बाबू फायली न्यायला आले, त्यांना आम्ही सांगितलं की गाठ येते आहे. पण गाठ काही आली नाही. दोन-तीन दिवस त्यांनी वाट पाहिली, मग वाट पाहणंही सोडलं. खरं सांगायचं तर ते खुशीत होते. टेबलं स्वच्छ, काम नाही. मी मात्र साहेबांच्या मागे लागलो होतो. ते रोज म्हणायचे, "येईन गाठ. कुठी जाते?"

आणि मग एका गुरुवारी वलगावची बाई आली.

पंचविशीच्या आसपासची, उन्हात चालत आलेली, सावळी, ताठ. आधी ती अर्ज शाखेत गेली होती, तिथून तिला आमच्याकडे धाडलं होतं. मास्तरणीच्या जागेसाठी तिने अर्ज केला होता, आणि नियमाप्रमाणे शाळेची फायनल परीक्षा पास झाल्याचं मूळ सर्टिफिकेट अर्जाला जोडलं होतं. शनिवारी मुलाखत होती. मूळ सर्टिफिकेट समोर नसेल तर नाव कटणार होतं. पुढल्या साली तिचं वय बसत नव्हतं. दुसरी प्रत मागवायची तर ती जुन्या प्रांताच्या कचेरीतून, आणि त्या प्रांताची राजधानी आता राजधानीच राहिली नव्हती. तिथले कागद कुठे गेले हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बौद्ध झालेल्या त्यांच्या वस्तीत फायनल पास झालेली ती पहिलीच बाई. तिच्या बापाने ते सर्टिफिकेट पत्र्याच्या नळीत घालून आढ्याला टांगून जपलं होतं. हे सगळं तिने आम्हाला उभ्याउभ्याच सांगितलं. बस म्हटलं तरी बसली नाही.

साहेबांनी नोंद पाहिली आणि तिला वाचून दाखवली. "अर्ज शाखा. किरकोळ. एक गाठ."

"म्हंजे मी किरकोळ हावो का?" ती म्हणाली.

साहेबांनी नोंदवही मिटली. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

आम्ही तिघे तसेच प्रेसमध्ये गेलो. आता कापसाचा हंगाम सुरू झाला होता, प्रेस धडाडत होती, सगळीकडे रुईचा भुरका उडत होता. मेहुण्याने आधी डोकं खाजवलं, मग कपाळाला हात लावला. हंगामाच्या गडबडीत चिठ्ठी शिवायची राहिली होती. मार्का मारणाऱ्या माणसाने समोर आली गाठ, तिच्यावर प्रेसचा मार्का मारला आणि ती रुईच्या गाठींबरोबर वॅगनमध्ये चढली. वॅगन गेली अकोल्याला, एका व्यापाऱ्याच्या गोदामात.

"उद्या मी जातो अकोल्याले," साहेब म्हणाले. "बाई, तुमी घरी राहा."

"मी बी येतो," ती म्हणाली. आमच्याकडे बाया असंच बोलतात. "तुमच्या भरवशावर सोडलं व्हतं, त्याचं काय झालं ते पायलं मी."

शुक्रवारी सकाळी बडनेऱ्याला गाडी बदलून आम्ही अकोल्याला निघालो. दिवाळी तोंडावर आली होती, बायकोने बाजाराची यादी हातात दिली होती, आणि मी मात्र सरकार शोधायला अकोल्याला चाललो होतो. गाडीत साहेब खिडकीशी बसून होते. बाई समोरच्या बाकावर, मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन. मी दोघांवरही चिडलो होतो, तिच्यावर उगाच.

गोदामात मुनीम आमची वाटच पाहत असल्यासारखा उठला. आमची गाठ त्याने आधीच वेगळी काढून ठेवली होती, कारण हमालांनी ती उचलायला नकार दिला होता आणि शिव्या देऊन कोपऱ्यात लोटली होती. एका जागी बारदान फाडून त्याने आत पाहिलंही होतं. "रुईत पानी मारतेत, हे मले मालूम हाये," तो म्हणाला. "गोटे भरतेत, हे बी पायलं. पन रुईच्या जागी कचेरी भरून पाठोनारे तुमीच पयले." शेटजी पोलिसात जायच्या गोष्टी करत होते. प्रेसवाल्यांनी वजन वाढवायला हे केलं असा त्यांचा समज झाला होता. साहेबांनी चूक आपली आहे असं लिहून दिलं आणि खाली आपली रेघ ओढली. मुनिमाने कागद डोळ्यांजवळ नेला.

"ही सही हाये का कागदाले वरखडा पडला? पूर्ण नाव लिवा. बापाचं लिवा. हुद्दा, गाव, समदं लिवा."

साहेबांनी लिहिलं. मी त्यांच्याकडे तीन वर्षं काम करत होतो, पण त्यांच्या वडिलांचं नाव मला तेव्हा कळलं.

पट्ट्या तोडल्या. रुईची गाठ सोडली की ती श्वास घेतल्यासारखी फुगते, हे आम्हाला माहीत होतं. ही फुगली नाही. वीट पडावी तशी पडून राहिली. पानाला पान चिकटलेलं, फाइलला फाइल. साहेब उभे राहिले, हात मागे बांधले आणि सवयीने म्हणाले, "उचला."

बाईने पदर खोचला आणि जमिनीवर बसकण मारली. "तुमीच उचला सायेब. बसा खाली."

साहेब बसले. धोतर सावरून, गोदामाच्या फरशीवर, रुईच्या कचऱ्यात. मग आम्ही तिघे नखाने कागद सोडवत बसलो. जोर लावला की फाटायचा, हळू केलं की दिवस सरायचा. साहेब पहिल्यांदा नुसते पाहत नव्हते, वाचत होते. समोर आलेलं प्रत्येक नाव ते पुटपुटत होते. अंजनगावचा कोणी, दर्यापूरची कोणी विधवा, वरूडचा कोणी, बदली मागणारा. एका कागदाचा समास कापलेला होता आणि त्याबरोबर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षरही गेलं होतं. तो कागद त्यांनी बराच वेळ हातात धरला. मी पुढचा कागद सोडवायला घेतला. बोलायचं खूप होतं, पण बाई समोर होती.

सर्टिफिकेट त्यांनाच सापडलं. ऊन गोदामाच्या दारापर्यंत आलं होतं. शेजारच्या कागदाची शाई त्यावर उलटी उमटली होती, एक कोपरा दुमडून पार सपाट झाला होता, पण नाव शाबूत होतं, सही आणि शिक्का शाबूत होता. त्यांनी ते दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. तिने आधी नाव वाचलं, मग बापाचं नाव वाचलं, मग पाठमोरी होऊन डोळे पुसले. मग आमच्याकडे न पाहता ते सर्टिफिकेट पोलक्यात ठेवून दिलं. तिचा अर्ज काही सुटून हाती आला नाही. गाडीची वेळ झाली म्हणून उरलेले कागद आम्ही मुनिमाच्या हवाली केले आणि गाडी गाठली.

शनिवारी मुलाखतीच्या खोलीबाहेर तिला अडवलं. अर्जच नाही तर बोलवायचं कशावरून? साहेब दार ढकलून आत गेले, त्यांच्या मागे ती, आणि तिच्या मागे नाइलाजाने मी. मोठे साहेब आणि आणखी दोघे बसले होते. मोठ्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. "काय आहे? थोडक्यात सांगा."

"थोडक्यात होत नाही, साहेब," आमचे साहेब म्हणाले.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. फळा सांगितला, ढीग सांगितला, बाबूने शंका काढली होती आणि आपण त्याला गप्प केलं हे सांगितलं. प्रेस, मार्का, वॅगन, मुनीम. बाईच्या बापाने आढ्याला टांगलेली पत्र्याची नळीसुद्धा सांगितली. मोठ्या साहेबांनी दोनदा हात वर केला, पण हे थांबले नाहीत. अर्ज नसल्याचा दोष माझा आहे, बाईचा नाही, एवढंच वाक्य त्यांनी शेवटी दोनदा म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. याची नोकरी जाणार, बरोबर माझीही जाणार, असंच वाटत होतं.

मोठ्या साहेबांनी सर्टिफिकेट उजेडात धरून पाहिलं. मग आम्हाला बाहेर पाठवलं आणि तिला बसायला सांगितलं. आमचे साहेब व्हरांड्यात उभे राहिले, मी पायरीवर बसलो. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. जागा मिळाली होती, वरूडच्या बाजूला एका गावी. दिवाळी झाली की रुजू व्हायचं होतं.

साहेबांचा चेहरा फुलला. ते पुढे झाले आणि तिच्यासमोर उभे राहिले. ते कशाची वाट पाहत होते हे मला कळलं, आणि तिलाही कळलं.

"सायेब," ती म्हणाली, "तुमी आले, बोलले, ते मी पायलं. पन आभार काहून मानू? माहाच कागद व्हता तो."

तिने पायात वहाणा घातल्या आणि निघाली. फाटकातून बाहेर पडताना तिने मागे वळून पाहिलं नाही. साहेब तिथेच उभे होते. मला वाटलं आता चिडतील, निदान काहीतरी तुटक बोलतील. माझी तशी इच्छाही होती.

"बरोबर हाये तिचं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाबू, उद्या पयल्या गाडीनं अकोला."

"उद्या रविवार आहे, साहेब. परवा दिवाळी आहे."

"बाकीच्यायचे कागद बी त्यायचेच हायेत ना."

मी डोक्याला हात लावला. त्याच हाताने पुढे किती रविवार मी ते चिकटलेले कागद सोडवले आणि किती गावांना पोचते केले, ते माझ्या बायकोला विचारा.